आतेच्या गाडीतलं पाणी

आते, पाणी कुठे जात होतं ते सापडलं.

हे तुला आधी सांगायचं होतं, बाकीचं नंतर. तू गेल्यावर भेटायला आलेले लोक विचारत होते, शेवटी काय बोलली, कुणाचं नाव घेतलं. मी काय सांगणार? शेवटच्या दिवशी हॉस्पिटलात तू आणि मी गाडीच्या रेडिएटरवरून वाद घालत होतो. तू नाकातली ऑक्सिजनची नळी बाजूला सारून म्हणालीस, "इंजिन बरां आसा. तू पाणी खंय जाता तां बघ." नर्सनं नळी परत लावली आणि माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच ती काढली होती. लोकांना मी सांगितलं, देवाचं नाव घेतलं. उदयला मात्र खरं ते सांगितलं. तो तुझा मुलगा, त्याला लगेच पटलं.

तू गेलीस तेव्हा मसाल्याचा मोसम तोंडावर आला होता. गिरगावातल्या, दादरच्या तुझ्या बायकांनी मिरच्या निवडायला घेतल्या होत्या. इतकी वर्षं हेच चालत आलं. त्यांनी मिरच्या वाळवायच्या, धणे आणि खडा मसाला भाजून ठेवायचा. तू गाडी घेऊन दारात जायचं, सगळं उचलून लालबागला कांडपाच्या गिरणीत आणायचं, प्रत्येकीचं वेगळं कांडून घ्यायचं आणि डबे भरून परत पोचवायचे. एकीची मिरची दुसरीच्या मसाल्यात जाऊ नये म्हणून तू गिरणीत स्टूल टाकून, नाकाला पदर लावून बसायचीस. गिरणीवाला कंटाळून म्हणायचा, "मावशी, चिमूटभर इकडची तिकडे गेली तर काय होतंय?" तू म्हणायचीस, "तुझो पोरगो शेजाऱ्याकडे गेलो तर चलात?"

आणि ती गाडी. विटकरी रंगाची, चार दारांची, तू घेतलीस तेव्हाच जुनी. मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आपल्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. हे मी आजही मान वर करून सांगते, आणि कुणी त्याला गर्व म्हटलं तर म्हणू दे. चाळीतल्या आपल्या एका खोलीत टीव्ही, शिवणयंत्र, भांडी आणि सात माणसं. एका संध्याकाळी तू माझ्या हातात गाडीची चावी ठेवलीस आणि म्हणालीस, "जा, थंय बसान वाच. काच खाली ठेव, नायतर गुदमरशील." चाळीच्या अंगणात उभ्या केलेल्या त्या गाडीच्या मागच्या सीटवर मी ऑरगॅनिक केमिस्ट्री केली. माझ्या वह्यांना मालवणी मसाल्याचा वास यायचा. कॉलेजातल्या मुली वही उसनी नेऊन परत देताना विचारायच्या, "तुझ्याकडे आज काय आहे जेवायला?" रिझल्ट लागला तेव्हा पेढे तू वाटलेस, पण गाडीबद्दल तुला मी काही म्हटलं नाही. आपल्यात म्हणायची पद्धत नव्हती. आता लिहिते आहे, तर लिहून ठेवते: ती माझी अभ्यासाची खोली होती.

मग दोन पावसाळ्यांपूर्वी गाडीचं पाणी कमी व्हायला लागलं.

पहिल्यांदा तू लक्ष दिलं नाहीस. सकाळी गाडी थंड असताना झाकण उघडायचं, नळावरून भरून आणलेली बाटली ओतायची आणि निघायचं. परळच्या गाळ्यातला बाबल मेकॅनिक सांगून थकला, की ताय, नुसतं पाणी नको, कूलंट घाला. तू त्याला हिरवं सरबत म्हणायचीस. मी सांगितलं, आते, नळाच्या पाण्यात क्षार असतात, आत गंज धरतो.

"म्युन्सिपाल्टीचं पाणी पिऊन आपण सगळे वाढलो. तुझ्या आत धरला गंज?"

"मी काय लोखंडाची आहे?"

"स्वभावान तरी आसस."

मग बाटली रोज लागायला लागली, आणि आपला खरा वाद सुरू झाला. तुझं म्हणणं, चुलीवर आदण ठेवलं की आटतं, तसं हे आटतं. माझं म्हणणं, गाडीतलं पाणी बंद नळ्यांतून फिरतं, ते आटणार कसं? पाणी नाहीसं होत नाही. बाहेर गळतं, नाहीतर इंजिनात शिरून जळतं आणि धूर होऊन जातं. तू शांतपणे ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "ह्यां शिकूक तीन वर्सां कॉलेजात गेलंस?"

गाडीखाली मी पुठ्ठा अंथरून ठेवला. सकाळी कोरडा. म्हणजे बाहेर गळत नव्हतं. म्हणजे इंजिन पीत असणार, असं माझं गणित. पाणी जळत असेल तर धूर पांढरा येतो आणि त्याला वेगळा वास असतो, म्हणून एका रविवारी तुला गाडी चालू ठेवायला लावून मी मागे धुराच्या नळीशी वाकले. वरच्या गॅलरीतून शेजारणीनं विचारलं, "काय गे सुलू, तुझी भाची धूर कशाक हुंगता?"

"बी.एस्सी. आसा ती," तू म्हणालीस.

धूर पांढरा नव्हता. इंजिनचं ऑइलही दुधाळ झालं नव्हतं, ते पाणी मिसळलं की होतं. तरी मी माघार घेतली नाही. म्हटलं, गळती बारीक असेल, दिसत नसेल. बाबलनं रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून आत दाब भरला. दाब हळूहळू उतरला, पण खाली थेंब नाही. त्यानं नळ्या बदलल्या, झाकण बदललं, पाण्याच्या पंपाचं पॅकिंग बदललं, आणि दर वेळी तुझ्या नकळत ते हिरवं कूलंटही भरलं. पुन्हा तेच. शेवटी त्यानंही माझ्याच बाजूनं कौल दिला. "ताय, इंजिन आतल्या आत पिता. हेड उतरवूक व्हया." हेड उतरवायचं म्हणजे इंजिनचा वरचा भाग खोलायचा. मोठं काम.

तू स्टेअरिंगवर हात ठेवून बसलीस. म्हणालीस, "गेली वीस वर्सां हिचो आवाज ऐकतंय. इंजिन पाणी पीत असता तर माका कळला असता. तुमी दोघां गप रवा."

त्याच सुमारास एमिलीबाईंनी एकदा सांगितलं होतं. खोताच्या वाडीतल्या, लाकडी जिन्याच्या घरातल्या तुझ्या एमिलीबाई. त्यांच्या मसाल्यात इतके जिन्नस असतात, की तू म्हणायचीस, त्यांची पिशवी उचलली की अर्धं वाण्याचं दुकान उचलल्यासारखं वाटतं. त्यांना गुडघ्यासाठी डॉक्टरकडे सोडायला आपण दोघी गेलो होतो. पुढच्या सीटवर बसल्या आणि हुंगून म्हणाल्या, "सुलोचना, तुझ्या गाडीत काहीतरी गोड वास येतोय गं."

"बडीशेप सांडली असात तुमची."

"बडीशेप मला कळत नाही होय? ही बडीशेप नाही. चक्रीफूल नाही. गूळही नाही. काहीतरी गोड, पण खायचं नाही असं."

आपण दोघींनी श्वास घेऊन बघितला. मला फक्त मिरचीचा वास आला. तुलाही. आपली नाकं त्या गाडीत इतकी वर्षं मुरलेली, की दुसरं काही येणंच शक्य नव्हतं. तू मला हळूच म्हणालीस, "वय झाला बिचारीचा."

मग तू आजारी पडलीस, आणि पुढचं सगळं फार पटापट झालं. ते मी इथे लिहीत नाही. तुला ठाऊक आहे.

बाराव्या-तेराव्याच्या गडबडीत तुझा फोन उदयकडे होता. दर थोड्या वेळानं वाजायचा. गिरगावची कुणी, दादरची कुणी. उदय सांगायचा, आई गेली. पलीकडून, "अरेरे, बाळा..." आणि मग जरा दबकत, "मग यंदाचा मसाला?"

उदय चिडायचा. "ताई, माणूस गेलंय आणि यांना मसाल्याचं पडलंय." मी त्याला समजावलं नाही. मला त्या बायकांचं बोलणं बरं वाटत होतं. बाकी सगळे तुझ्याबद्दल ‘होती’ असं बोलत होते, त्या तेवढ्या तू अजून कामावर असल्यासारख्या बोलत होत्या. पण उदयचंही चुकत नव्हतं. तो डोंबिवलीला राहतो, त्याची नोकरी आहे, माझी लॅबची नोकरी आहे. गाडी चाळीच्या अंगणात उभी, चाळीतले म्हणतात जागा अडते. बाबल म्हणतो इंजिन खोला. उदयनं कुर्ल्याच्या भंगारवाल्याशी बोलून टाकलं. मला म्हणाला, "तू चल माझ्यासोबत. मला एकट्याला नाही जमणार."

गाडी तुझी, म्हणजे आता त्याची. मी बरं म्हटलं. पण एक गोष्ट तेव्हाच मनात पक्की होती: ही गाडी गेली, की तुझी ती फेरी गेली, आणि फेरी गेली की गिरगावातल्या त्या घरांशी आपलं नातं संपलं. टेम्पो भाड्यानं आणून हे काम होत नाही. टेम्पोवाला मिरची नेतो, थांबून बसत नाही.

निघायच्या आधी आम्ही दोघांनी गाडी रिकामी केली. तुझी पाठीमागची उशी, मागच्या काचेतला गणपती, डिकीतले रिकामे डबे. पुढे ठेवलेले डबे खडखडू नयेत म्हणून तू डाव्या सीटच्या पायाशी गोणपाट घालून ठेवलं होतंस, घडीवर घडी. उदयनं ते ओढून काढलं.

"ताई, केवढं जड आहे हे."

"मसाला बसलाय त्यात वर्षानुवर्षांचा."

त्यानं नेऊन कचऱ्याच्या डब्यात टाकलं. आते, आपल्या वादाचं उत्तर त्या क्षणी त्याच्या हातात होतं, आणि मी बी.एस्सी. शेजारी उभी राहून त्याला दार उघडून देत होते.

गाडी मी चालवत होते, उदय शेजारी. एसी तर तुझ्या गाडीचा कधीच गेलेला, सगळ्या काचा खाली. चैत्रातलं ऊन. परळ मागे पडलं. हिंदमाताच्या पुढे सिग्नलला सगळं तुंबलं आणि गरमीचा काटा चढायला लागला. पुढे टॅक्सी, मागे बस, डावीकडे हातगाडी. गाडी बाजूला घ्यायला जागा नाही, बंद केली तर मागचा बसवाला गाडीवरून बस घालेल अशा बेतात. काटा लाल पट्टीला लागला.

तेव्हा मला हीटर आठवला. हीटर म्हणजे इंजिनच्या गरम पाण्यावर चालणारा दुसरा छोटा रेडिएटर. तो चालू केला की इंजिनची थोडी गरमी गाडीच्या आत ओढली जाते आणि इंजिनाला जरा दम मिळतो. हे मला कधीपासून माहीत होतं. पण मुंबईत गाडीला हीटर असतो हे कुणाच्या ध्यानात राहतं? तुझ्या गाडीची ती निळ्या-लाल पट्टीवरची खटकी मी कधी हललेली बघितली नव्हती. दोन बोटांनी जोर लावून ती लालकडे सरकवली आणि पंखा पूर्ण सोडला.

"ताई, डोकं ठिकाणावर आहे का? या उन्हात हीटर?"

"गप बस. इंजिन वाचवतेय."

"भंगारात न्यायचंय ते इंजिन."

"न्यायचंय ना? मग तिथवर पोचू दे."

आधी गरम वारा आला. मग समोरची काच आतून धुकटली. पावसाळ्यात धुकटते तशी नाही. बोट फिरवलं तर तेलकट, चिकट. तू ती काच रोज पदरानं पुसायचीस आणि म्हणायचीस, मिरचीची धूळ बसते. मी रुमालानं पुसतेय, पुढचं दिसत नाही, मागून बसचा हॉर्न. इतक्यात उदय पाय वर घेऊन बसला.

"ताई, खाली काहीतरी गळतंय. गरम आहे. माझा मोजा भिजला."

सिग्नल सुटला. मी गाडी कशीबशी दादरच्या बाजूला कडेला लावली. उदयनं बूट काढला. मोजा ओला, हिरवट. डॅशबोर्डच्या खालून, जिथे ते गोणपाट असायचं तिथे, थेंब पडत होते. त्यानं बोट लावलं आणि नाकाशी नेलं.

"गोड वास येतोय गं याला."

"तोंडात घालू नकोस, विष असतं ते," मी म्हटलं, आणि मला हसू फुटलं. भर रस्त्यात, तुझी गाडी वाफाळलेली, तुझा मुलगा एका पायात बूट घालून उभा, आणि मी हसतेय. उदयला वाटलं, मला काहीतरी झालं. काय झालं होतं ते मी त्याला फूटपाथवर बसून सांगितलं. बडीशेप नाही, चक्रीफूल नाही, गूळ नाही. गोड, पण खायचं नाही असं. कूलंटचा वास गोड असतो, आते. लॅबमध्ये मी तो पन्नास वेळा घेतला असेल. तुझ्या गाडीत मात्र माझ्या नाकाला मिरचीपलीकडे काही येईना, आणि एमिलीबाईंना पहिल्याच श्वासात आला.

हीटरचा तो छोटा रेडिएटर डॅशबोर्डच्या मागे असतो. तो सडला होता. पाणी गाडीबाहेर नाही, गाडीच्या आत गळत होतं, आणि तुझं गोणपाट ते पीत होतं. पुठ्ठा रात्रभर कोरडा राहत होता तो त्यामुळे. आपण दोघींनी सगळीकडे बघितलं, पण तुझ्या डब्यांखाली बघितलं नाही. तिथे हात घातला असता तर तूच ओरडली असतीस, डबे हलवू नकोस म्हणून.

"म्हणजे इंजिन?" उदयनं विचारलं.

"इंजिनाला काहीही झालेलं नाही."

त्यानं तो ओला मोजा पिळला. मग कुर्ल्याला फोन करून म्हणाला, "आज नाही जमत." उद्याचं काही बोलला नाही.

गाडी थंड झाल्यावर रेडिएटर भरला आणि हळूहळू परळला परत आणली. बाबलनं सगळं ऐकून घेतलं, पुढचं दार उघडलं, आडवा होऊन डॅशबोर्डखाली बॅटरी मारली आणि तिथूनच म्हणाला, "हीटर! मुंबैत हीटर कोण बघतलो?" लाजला वगैरे नाही तो. मीही नाही. चुकलो आम्ही दोघं, तेवढंच.

मग त्यानं खात्री करून घ्यायची पद्धत सांगितली आणि ती मला आवडली. इंजिनच्या बाजूनं दोन नळ्या मधल्या पत्र्यातून आत हीटरकडे जातात, एक गरम पाणी नेते, एक परत आणते. त्यानं दोन्ही काढल्या आणि बाहेरच एकमेकींना जोडून टाकल्या. आता पाणी हीटरकडे जाणारच नाही. मग तोच हातपंप लावून दाब भरला. आम्ही तिघं चहा हातात घेऊन त्या काट्याकडे बघत उभे. चहा संपला. काटा होता तिथेच. बाबलनं कप खाली ठेवून पुन्हा एकदा वाकून बघितलं. तिथेच.

"झाली तुमची गाडी," तो म्हणाला. "ह्यां असाच ठेवलास तरी चलता. हीटर नाय, बस्स."

मीही म्हटलं, असंच ठेवू. तूही तेच म्हणाली असतीस, मला खात्री आहे. पण उदय म्हणाला, "नको. नवीन टाका."

"अरे, कशाला? हीटर कोण लावणार आहे?"

"अर्धं काम नको. कधीतरी ती जोडलेली नळी निसटेल आणि ताई मला ऑफिसात फोन करेल. डॅशबोर्ड काढा."

तू त्याला नेहमी म्हणायचीस, ह्या पोराक कशाचाच काय पडलेला नाय. काम काढलं त्या शनिवारी येऊन बघायला हवं होतंस. बाबलसोबत खाली बसून तो एकेक स्क्रू काढत होता, काढलेला स्क्रू चहाच्या बशीत ठेवत होता. आणि डॅशबोर्ड सुटून पुढे आला तेव्हा मागे सगळं लाल होतं. वायरींवर, पत्र्यावर, पंख्याच्या जाळीत, सांदीकोपऱ्यात. तुझ्या सगळ्या मोसमांची मिरची तिथे जाऊन बसली होती. बेडगी, संकेश्वरी, लवंगी, तू वेगळी ठेवायला इतकी धडपडायचीस त्या सगळ्या एकत्र. बाबलनं फुंकर मारली आणि आम्ही तिघंही शिंकायला लागलो. बाबल थांबला, मी थांबले. उदय थांबेना. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, मग शिंका थांबल्या तरी पाणी थांबलं नाही. बाराव्याला तो रडला नव्हता. बाबलनं त्याच्या हातात ऑइल पुसायचा त्यातल्या त्यात स्वच्छ फडका दिला आणि म्हणाला, "मिरची जुनी झाली तरी लागता रे." आणि तोंड फिरवून नट खोलायचे पाने शोधायला गेला. पाने त्याच्या हातातच होते.

जुना हीटर बाबलनं माझ्याकडे दिला. खालच्या कडेला पांढरे क्षार साचलेले, त्याखाली गंज, गंजाला सुईएवढी भोकं. नळाचं पाणी, आते. त्यामुळे हिशेब असा: इंजिनाबद्दल तू बरोबर होतीस, पाण्याबद्दल मी. हे तुझ्या तोंडावर सांगायला मिळालं असतं तर तू काय म्हणाली असतीस ते मला ऐकू येतं, पण मी ते लिहिणार नाही. एकदा तरी शेवटचा शब्द माझा राहू दे.

उदयचे हात अजून काळे होते तेव्हाच तुझा फोन वाजला. तो गाडीच्या टपावर ठेवलेला होता. उदयनं कोपरानं स्पीकर लावला.

"सुलोचना नाही, ठाऊक आहे मला, चर्चमध्ये मेणबत्ती लावली मी तिच्यासाठी," एमिलीबाई एका दमात बोलत होत्या. "पण बाळ, माझ्या मिरच्या कडकडीत वाळल्यात. ठेवून ठेवून किडतील. मी दुसऱ्या कुणाला देऊ का? खरं सांग. मला राग नाही येणार."

मी उदयकडे बघितलं नाही. बाबलच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

"देऊ नका," उदय म्हणाला. "गाडी कामाला लावलीय. झाली की आम्ही येतो."

"येतो म्हणजे कोण?"

"मी आणि ताई. रविवारी."

"तुला येतं का रे हे?"

"नाही येत. तुम्ही सांगा."

"वेगळं कांडायचं हां. बाजूला बसायचं. आईसारखं."

"बसतो."

मला वाटतं, आते, तुझ्या गाडीचं खरं काय होणार ते त्या दोन मिनिटांत ठरलं. भंगारवाल्याचा नंबर त्यानं फोनमधून काढून टाकला का, ते मी विचारलं नाही. पुढे कसं जमेल हेही आम्ही अजून नीट ठरवलेलं नाही. सध्या रविवार-रविवार करायचं. सगळ्या घरांचं होणार नाही, जेवढ्यांचं होईल तेवढ्यांचं. गिरणीवाला म्हणाला, तुमचं स्टूल आहे तिथेच आहे.

पहिल्या रविवारी गाडी उदयनं चालवली. काटा मध्यावर चढला आणि तिथेच राहिला. लालबागपासून गिरगावपर्यंत मी दर सिग्नलला तो बघत होते, आणि उदय मी बघतेय ते बघत होता. खोताच्या वाडीत गाडी आत जात नाही, त्यामुळे एमिलीबाईंकडचं आम्ही दोघांनी पिशव्या खांद्यावर टाकून बाहेर आणलं. त्यांनी उदयच्या हातावर लाडू ठेवला आणि एका कागदाच्या पुडीत वेलची वेगळी देऊन तीनदा बजावलं, की ही शेवटी घालायची. मग त्या गाडीपर्यंत आल्या, पुढच्या दारातून आत डोकं घातलं, श्वास घेतला आणि नुसती मान हलवली.

पुढचं घर त्याच रस्त्यावरच्या मोठ्या सोसायटीतलं. तिथे मी कधी गेले नव्हते, उदय तर नाहीच. फाटकाला साखळी, साखळीशी वॉचमन, आणि भिंतीवर पाटी, की बाहेरच्या गाड्यांना प्रवेश नाही. उदयनं काच खाली केली. कुणाकडे जायचं, काय काम, कोण आपण, हे सगळं कसं सांगायचं याची तो मनात जुळवाजुळव करत होता, मला दिसत होतं. वॉचमन खुर्चीतून उठून पुढे आला. त्यानं आमच्याकडे बघितलंच नाही. बॉनेटकडे बघितलं, विटकरी रंगाकडे बघितलं, मागच्या सीटवरच्या पिशव्यांकडे बघितलं, आणि साखळी सोडली.

"यंदा उशीर केलात," तो म्हणाला.

"झाला थोडा," उदय म्हणाला, आणि गाडी आत घेतली.